वस्ताद वेगळा, कारभारी वेगळा

चैत्र लागला की जुन्नरच्या पूर्व पट्ट्यात यात्रांना नुसता ऊत येतो. बेल्हे, राजुरी, आळे, साकोरी, निमगाव सावा, कुठेही जा, पालखीपुढे लेझीम खेळणारी पोरं दिसतात. असं पथक उभं करायला महिनाभर पुरतो. वर्गणीतून लेझिमा येतात, एक हलगीवाला मिळतो, शाळेत लेझीम शिकलेला कुणीतरी पुढे होतो आणि पहिली यात्रा दणक्यात पार पडते. तिसऱ्या वर्षी त्याच गावात विचारा: लेझिमा कुणाच्या तरी माळ्यावर गंजत पडलेल्या, हलगी फुटलेली आणि दोन चुलतभाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले. लोक सांगतात, "पोरांना आता डीजे लागतो." हे निम्मंच खरं आहे. पथकं डीजेमुळे जेवढी मोडतात, त्याहून जास्त एकाच माणसामुळे मोडतात. शिकवणारा तोच, सुपारी घेणारा तोच, पैसे ठेवणारा तोच आणि पहिल्या रांगेत नाचणाराही तोच. तो चांगला असला तरी पथक मोडतं, कारण त्याचं लग्न होतं, नोकरी लागते किंवा कांदा काढणीला येतो, आणि तो गेला की सगळंच जातं.

पथक चालवू पाहणाऱ्यांनी उदाहरण शोधायला लांब जायला नको. नारायणगाव आपल्याच तालुक्यात आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारखा पाहिल्या जातात, सुपारी ठरते, विसार दिला जातो. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसं असतात आणि यात्रांच्या दिवसांत त्यांचा मुक्काम रोज बदलतो. एवढा पसारा चालतो तो कामं वाटलेली असतात म्हणून. राहुटीत बसून तारीख देणारा मॅनेजर वगात काम करत नाही. ढोलकीवाला ट्रकच्या डिझेलचा हिशोब ठेवत नाही. सोंगाड्या कितीही गाजलेला असला तरी कुठल्या गावाला किती वाजता निघायचं, हे त्याच्या मर्जीवर नसतं.

आणि याच नारायणगावात दुसरी बाजूही पाहायला मिळते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी वडिलांचा आणि चुलत्याचा, म्हणजे भाऊ-बापूंचा वारसा चालवला, स्वतःच्या नावाने फड उभा केला आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव मिळवला. कलेत त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. तरी त्यांची अखेरची वर्षं पैशांच्या ओढाताणीत गेली आणि 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या. त्याची कारणं अनेक असतील, समाजाचा कोरडेपणा त्यात पहिला. पण रंगमंच आणि गल्ला ही दोन ओझी एकाच खांद्यावर आली की काय होतं, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून प्रत्येक पथकप्रमुखाने एकदा मनाशी ताडून घ्यावं.

माणसं नेमताना

तीन माणसं नेमा. वस्ताद, कारभारी आणि हिशोबनीस. वस्तादाने फक्त खेळ पाहायचा: कोण कुठे उभं राहणार, ठेका कोणता, कोण अजून तयार नाही. कारभाऱ्याने बाहेरचं पाहायचं: यात्रा कमिटी, गाडी, पोलीस पाटील, ग्रामपंचायत. हिशोबनिसाने वही आणि पावतीपुस्तक. या तिघांत सख्खे भाऊ नकोत आणि एकाच आळीचे तिघेही नकोत. वस्ताद सर्वांत चांगला खेळणारा असलाच पाहिजे असं नाही. उलट फार चांगला खेळणाऱ्याला दुसऱ्याची चूक पाहायला सवड नसते, त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे असतं. जो दुसऱ्याचा पाय चुकलेला लांबून ओळखतो आणि चारचौघांत न ओरडता जवळ जाऊन सांगतो, तो वस्ताद.

ही निवड पारावर गप्पा मारता मारता करू नका. बैठक बोलवा, आणि बेल्ह्यात असाल तर ती सोमवारी ठेवू नका. सोमवार आठवडे बाजाराचा. ज्याच्या घरी बैल विकायचाय तो बैलबाजारात असणार आणि उरलेले भाजीच्या पिशव्या घेऊन घाईत. ज्याचं काम जे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. पोरं हसतील. हसू द्या. पुढे भांडण झालं की तेच पान उघडायचं असतं.

पथकात मुली असतील, आणि हल्ली शाळेमुळे असतातच, तर चौथं माणूस बाई असावी. ती नावापुरती नको. मुलींना बाहेरगावी पाठवायचं की नाही, रात्री किती वाजता परत आणायचं, यात तिचा शब्द शेवटचा. आईबाप वस्तादाच्या भरवशावर मुलगी पाठवत नाहीत, 'काकू बरोबर आहेत' म्हणून पाठवतात. काकूंचा नंबर प्रत्येक घरात लिहून दिलेला असावा.

पैसा

पथक फक्त गावच्या यात्रेत खेळणार असेल तर नोंदणीची घाई नको. बाहेरच्या सुपाऱ्या, देणग्या, सरकारी कार्यक्रम सुरू झाले की नोंदणी करून घ्या. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून नोंद होते. त्यानंतर दरवर्षीचे हिशोब तपासून द्यावे लागतात. पदाधिकारी बदलले की बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत दाखल करायचा असतो. अनेक मंडळं इथेच अडकतात. कागदावर दहा वर्षांपूर्वीचा अध्यक्ष, तो आता मुंबईत, आणि बँक त्याच्याच सहीवर अडून बसलेली. नोंदणी नसताना उत्सवासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर त्याच कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. 'आमच्या गावात कोण विचारतंय' हे उत्तर तक्रार होईपर्यंतच चालतं.

बँकेत खातं काढा आणि ते दोघांच्या सहीने चालू द्या, कारभारी आणि हिशोबनीस. वस्तादाची सही नको. ज्याच्या शब्दावर पोरं नाचतात, त्याच्याकडे पैशावरून बोट दाखवायची वेळच येऊ देऊ नका.

सुपारीचे पैसे आले की वाटायचे कसे, हे आधीच ठरलेलं असावं. समजा 15,000 रुपये मिळाले. आधी गाडी, मग वाजंत्र्यांची मजुरी, मग दुरुस्तीची रक्कम बाजूला. त्यानंतर उरलं तर मटणाचा बेत. बहुतेक पथकं हा क्रम बरोबर उलटा धरतात. मटणाला माझी हरकत नाही, पण हलगी फुटली की तीच पोरं नव्या हलगीसाठी वर्गणी मागत दारोदार फिरतात, आणि तेव्हा लोकांना मटणच आठवतं.

यात्रेनंतर आठ दिवसांच्या आत देवळाच्या सभामंडपात हिशोब मोठ्याने वाचून दाखवा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून भागत नाही. वाचताना लोक अडवतात, "ते टेम्पोचं किती म्हणालास?" असं विचारतात, आणि तेच हवं असतं. पुणे-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी मोठ्या देणग्या दिल्या असतील, तर ते गावात असतानाच, म्हणजे परतायच्या आधी, वाचन उरका. पुढच्या वर्षी त्यांना फोन करताना अवघड जात नाही.

इथे हलगीवाल्याचा विषय काढलाच पाहिजे. पुष्कळ गावांत पथकातली पोरं 'सभासद' आणि हलगीवाला 'बोलावलेला' असतो. तो वेगळ्या वस्तीतून येतो, वाजवतो, पैसे घेतो आणि जेवायच्या वेळी बाजूला बसतो. ही जुनी घाण आहे आणि ती पथकप्रमुखाने पहिल्याच दिवशी धुवायची आहे. हलगी नसेल तर लेझीम म्हणजे नुसता खुळखुळाट. वाजवणारा सभासदच असला पाहिजे. त्याचं नाव वहीत, त्याचं ताट त्याच पंगतीत, आणि ठेक्याच्या बाबतीत त्याचा सल्ला वस्तादाच्या बरोबरीचा.

तालीम

खरी मेहनत इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

तालमीचं वेळापत्रक पिकाकडे पाहून लावा. फाल्गुन-चैत्रात उन्हाळी कांदा काढणीला येतो आणि नेमक्या त्याच वेळी यात्रा असतात. त्या काळात रोज तालीम ठेवली तर निम्मी पोरं येणार नाहीत, आणि जी येतील ती अंग मोडलेली. म्हणून नवं जे काही शिकवायचं ते दिवाळीनंतर, मार्गशीर्ष-पौषात शिकवून घ्या. यात्रेच्या आधीच्या पंधरवड्यात फक्त उजळणी.

सुरुवात पायांपासून करा. शाळेच्या कवायतीतले हुकूम बहुतेकांना येतात: चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, आगे फलांग. ते वापरा, कारण नवीन मुलगा दुसऱ्या गावातून आला तरी त्याला ते समजतात. पण पहिले आठ दिवस हातात लेझीम देऊ नका. टाळी आणि पाय, एवढंच. हातात लेझीम आली की मुलांचं लक्ष आवाजाकडे जातं आणि गुडघा वाकायचा राहून जातो. मग पुढे झुकायच्या चालीत सगळी रांग कमरेतून वाकते, पाठ धरते, आणि तासाभरात मिरवणूक रेंगाळते. दोघांमधलं अंतर ठरवायला सोपी रीत आहे. दोन्ही हात पसरून लेझीम पूर्ण ताणायची. शेजाऱ्याला लागली नाही तर जागा बरोबर.

आता मोठ्या पथकांत हमखास होणारी एक गोष्ट. हलगी पुढे, पोरं मागे, आणि रांग लांबत लांबत तीस-पस्तीस मीटर गेलेली. पुढच्या रांगांचा झणकार एकजीव येतो आणि मागचा विस्कटतो. वस्ताद मागच्यांवर ओरडतो. मागच्यांचा दोष नसतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे पस्तीस मीटर मागे उभ्या असलेल्या पोराला ठेका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. तो कानावर खेळला तर मागे पडणार, पुढच्याच्या पायाकडे पाहून खेळला तर ठेक्याच्या पुढे गेल्यासारखं त्यालाच वाटणार. जलद चालीत एवढा फरक झणकार फाटायला पुरतो. यावर उपाय दोन. हलगी पथकाच्या मध्यावर आणा, दोन्ही बाजूंनी अंतर निम्मं होतं. नाहीतर दुसरी हलगी मागे ठेवा, आणि मागच्या वाजवणाऱ्याला सांगा की पहिल्याचा आवाज ऐकून वाजवायचं नाही, त्याच्या हाताकडे पाहून वाजवायचं. यासाठी पुढचा हलगीवाला उंच पाहिजे किंवा त्याने हात डोक्याइतका वर नेऊन ठोका दिला पाहिजे. चार तालमींत जमतं.

दुसरी गोष्ट वेगाची. गर्दी तापली, शिट्ट्या सुरू झाल्या की हलगी आपोआप चढते. वाजवणाऱ्याला ते कळतही नाही. वस्तादाने तालमीतच एक खूण ठरवावी, शिट्टी नको कारण गर्दीत शेकडो शिट्ट्या असतात. डोक्यावर पंजा उघडा धरला की ठेका खाली, मूठ धरली की आहे तसा. तालमीत ही खूण मुद्दाम चार-पाच वेळा वापरा, नाहीतर यात्रेत तिच्याकडे कुणी पाहणार नाही.

लेझिमांची निगा म्हटली की सगळे मान हलवतात आणि कुणीच करत नाही. प्रत्येक लेझमीच्या दांड्यावर नंबर घाला आणि वहीत त्या नंबरापुढे मुलाचं नाव. खेळ संपला की कोरड्या फडक्याने पुसून खुंटीला टांगायची. पोत्यात भरून ठेवलेली लेझीम पावसाळ्यात गंजते, चकत्या एकमेकींना चिकटतात आणि आवाज बसतो. दसऱ्याला शस्त्रांबरोबर लेझिमाही पुजल्या जातात, त्या दिवशी नुसतं कुंकू लावू नका, साखळीची कडी न कडी तपासा. खेळता खेळता तुटलेली कडी समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते. चामड्याची हलगी शेकायला मिरवणुकीआधी वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा. पाऊस असेल तर फायबरची हलगी बरोबर घ्या. आवाज तेवढा गोड येत नाही, पण ऐनवेळी बसत नाही.

आणि जुन्नरमध्ये असल्यामुळे आणखी एक. तालीम अंधार पडायच्या आत संपवा. ऊस, बिबट्या आणि रात्री एकटं घरी जाणारं पोर, यांची गाठ कशी पडते हे या तालुक्यात कुणाला सांगायला नको. दिवसा वेळ मिळत नाही म्हणून रात्रीच तालीम घ्यावी लागली, तर मळ्यात राहणाऱ्या मुलांचे गट पाडा, प्रत्येक गटात एक मोठा माणूस आणि बॅटरी, आणि शेवटचं मूल घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय कारभाऱ्याने झोपायचं नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्र असणारा हा तालुका आहे. पथकाच्या नियमात हा नियम पहिला लिहा.

सुपारी घेताना आणि मिरवणुकीत

फोनवर सुपारी घेताना रक्कम शेवटी विचारा. आधी विचारा, मिरवणूक किती वाजता निघणार आणि खरोखर किती वाजता निघते. रस्ता डांबरी की फुफाट्याचा, लांबी किती, पालखी कुठे कुठे थांबते. मिरवणुकीत डीजे आहे का, असल्यास पुढे की मागे. डीजेच्या गाडीपासून पाचपन्नास पावलांवर लेझीम खेळायची म्हणजे पोरांचा घसा आणि हलगीवाल्याचे हात फुकट घालवणं. अशी जागा मिळणार असेल तर सुपारी सोडा. लोक नावं ठेवतात, पण पुढच्या वर्षी तेच लोक जागा नीट देतात. ठरलेलं चार ओळींत लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या: तारीख, वेळ, माणसं, रक्कम, विसार, पाणी-जेवण कुणाचं. नारायणगावच्या राहुट्यांत विसाराशिवाय तारीख धरली जात नाही, आपणही धरू नये.

रात्री दहाची मर्यादा फक्त डीजेला आहे, असं अनेकांना वाटतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत पुढे दुरुस्ती झाली आणि आता रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर वाद्यंही त्यात येतात. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, ते दिवस कोणते हे आधी जाहीर होतात. गावच्या यात्रेचा दिवस त्यात आहे असं गृहीत धरू नका, पोलीस ठाण्यात विचारा. आणि मिरवणूक कल्याण-नगर महामार्ग ओलांडणार असेल, बेल्ह्यात तो गावाला लागूनच आहे, तर ओलांडण्याची वेळ पोलिसांशी ठरवूनच निघा. महामार्गावर थांबून एकही चाल खेळायची नाही, नुसतं चालत पार व्हायचं.

मिरवणुकीत वस्तादाने खेळू नये. हे कुणालाच पटत नाही. आयुष्यभर पहिल्या रांगेत नाचलेल्या माणसाला बाहेर उभं राहणं जड जातं, आणि गावही ओरडतं, "वस्ताद, एक चक्कर!" एक चक्कर मारावी, गावाचं मन राखावं आणि पुन्हा बाहेर यावं. त्याची जागा मागच्या डाव्या कोपऱ्यावर, जिथून सगळे पाय दिसतात आणि कोण दमलाय ते कळतं. चैत्रातलं ऊन आणि तापलेलं डांबर, अनवाणी खेळायचा हट्ट कुणी केला तरी मोडून काढा. दर अर्ध्या तासाला पाणी, त्यात मीठ-साखर. कारभारी पालखीजवळ, यात्रा कमिटीच्या माणसाच्या हाताशी. हिशोबनीस गाडीपाशी, मोबाइल आणि बक्षिसाच्या नोटा सांभाळत. खेळताना लोक बक्षीस देतात ते कुणाच्या खिशात जायचं नाही, टोपलीत जायचं आणि टोपली हिशोबनिसाकडे.

भांडणं होणारच. सगळ्यात जास्त पहिल्या रांगेवरून होतात. यासाठी रांग वस्तादाने ठरवायची, पण ती उंचीने लावायची, नात्याने नाही, आणि प्रत्येक यात्रेला पहिल्या रांगेतले दोघे बदलायचे. सरपंचाचा मुलगा असला तरी. दारू पिऊन आलेल्याला त्या दिवशी गाडीत बसवायचं, मारामारी करायची नाही, घरी पाठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी वस्तादाने एकट्याने जायचं. चारचौघांत काढलेला माणूस दुसरं पथक काढतो आणि गावात दोन पथकं झाली की पालखी कुणापुढे चालणार यावरून यात्राच बंद पडायची वेळ येते.

पुढचा वस्ताद

आण्याला रंगदासस्वामींच्या उत्सवात आमटी-भाकरीचा प्रसाद होतो. भाकऱ्या घराघरांतून येतात, आमटी मोठ्या कढयांत शिजते, आणि हजारो माणसं जेवून जातात. तो उत्सव एका पिढीकडून दुसरीकडे गेला तरी थांबला नाही. कारण कढईजवळ उभं राहायला शिकलेले हात आधीच तयार असतात. पथकात हे कुणी करत नाही. वस्ताद साठीला येतो, तेव्हा लोक वारस शोधू लागतात.

दुसरा वस्ताद पहिल्या वर्षीच ठरवा, विशीतला मुलगा किंवा मुलगी. त्याला तीन वर्षं फक्त तालमी घेऊ द्या, मोठी यात्रा नाही. मग 26 जानेवारीची शाळेची प्रभातफेरी, शिवजयंती, कुणाच्या घरचं वास्तुपूजन, असे छोटे कार्यक्रम त्याच्या एकट्याच्या हाती द्या. त्या दिवशी जुन्या वस्तादाने पथकाबरोबर चालायचं नाही. गर्दीत उभं राहायचं, काही चुकलं तरी हात वर करायचा नाही, आणि घरी येऊनही त्या दिवशी काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी चहाला बसून एक-एक चाल काढायची. तीन चुका सांगायच्या, त्याहून जास्त नाही.

सूत्रं सोपवताना मात्र सगळं एकाच बैठकीत सोपवा: लेझिमांची नंबरवार यादी, खोलीच्या दोन्ही किल्ल्या, वही, पावतीपुस्तकं भरलेली आणि कोरी, बँकेचं पासबुक, सुपारी देणाऱ्या गावांचे फोन. संस्था नोंदलेली असेल आणि पदाधिकारी बदलत असतील तर बदल अर्जावर त्याच बैठकीत सह्या घ्या आणि दाखल करायला जाणाऱ्या माणसाचं नाव, तारीख वहीत लिहा.